मक्यातली हाळी

परवान्यावरच्या फोटोत मी नथ घातली आहे.

लग्नाच्या नव्हे, बंदुकीच्या परवान्यावर. पीकसंरक्षणासाठी बंदूक बाळगायची परवानगी, आणि शेजारी एक विशी-बाविशीची बया: डोक्यावर पदर, नाकात नथ, आणि चेहऱ्यावर असा भाव की रानडुकरांनी आता आपणहून तालुका सोडून जावं. फोटोवाला म्हणाला होता, "वहिनी, हळदीकुंकवाचा नाही हो हा फोटो." मी म्हटलं, "तुम्ही काढा. डुकरांना काय कळतंय?" पुढे नूतनीकरणाला नवे फोटो लागत गेले. नथ उतरली, मग केस पांढरे झाले, मग दात गेले. पण तो पहिला फोटो मी जपून ठेवलाय. फार दुःख झालं की तो काढून बघते आणि त्या बयेला हसते.

सध्या रोज काढते.

बंदूक आता माझ्याकडे नाही. मका नाही, वावर दुसऱ्याच्या हातात गेलं, आणि मी नाशिकला गंगापूर रोडवर मुलाच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितेय. पलीकडे बाल्कनीत माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, बसलेत, माझ्याकडे पाठ करून. ते माझ्याशी बोलत नाहीत. तसे ते कधीच बोलत नव्हते, पण आताचं न बोलणं वेगळं आहे. त्या दोहोंतला फरक सांगायचा तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

आमचं वावर बागलाणात, नामपूरच्या बाजाराला सायकलवर जाता येईल इतकं जवळ आणि डोंगराच्या इतकं कडेला की डोंगरातून निघालेल्या डुकराला पहिलं ताट आमचंच. घर वावरातच. शेजाऱ्यांचीही घरं त्यांच्या त्यांच्या वावरात, म्हणजे चहूबाजूंनी पीक आणि पिकाच्या मधूनमधून माणसं. आमची बोली अहिराणी. नातवंडांना कळावं म्हणून सगळ्यांचं बोलणं मी इथं सरळ मराठीत लिहितेय. एक हाळी मात्र तशीच ठेवणार आहे. ती बदलली तर काही उरत नाही.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं जेठांशी बोलायचं नसतं. समोर यायचं नाही, आलं तर पदर पुढे ओढायचा, आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं. माझ्या जेठांना सगळे जिभाऊ म्हणत. मीही म्हणे, मनातल्या मनात. ते ओसरीवर आले की मी दाराआड जायची आणि तिथून सगळं ऐकायची, कारण दाराआड पाठवलेल्या बाईला दुसरं काम नसतं.

सासरे गेले तेव्हा त्यांच्या बंदुकीचं काय करायचं असा प्रश्न पडला. जिभाऊंच्या उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीत गेलेली. अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक. माझे हे मनमाडला रेल्वेत, सुट्टीच्या दिवशी घरी येणार आणि झोपणार. बंदूक सरकारजमा करावी असं ओसरीवर ठरत आलं होतं. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "माझ्या नावावर करा."

आवाज माझाच होता. मलाही तो तेव्हाच कळला.

ह्यांनी खोकल्याचं नाटक केलं. मोठ्या जाऊबाईंनी चुलीत उगाच एक लाकूड सारलं. जिभाऊ दावणीला बांधलेल्या म्हशीकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंस का? बंदूक चालवणार म्हणे."

म्हशीनं कान हलवला.

"चालवू दे मग," जिभाऊ तिला म्हणाले. "पण माझं ऐकावं लागेल, सांग तिला."

त्या दिवसापासून पुढची सगळी वर्षं जिभाऊंनी मला जे शिकवलं ते म्हशीच्या मार्फत. म्हशी बदलत गेल्या, निरोप चालू राहिले.

सासऱ्यांची बंदूक जुनी, बिजागरी ढिली झालेली. अर्जात कुठल्या हत्याराचं नाव लिहायचं ते ठरवायला आम्ही तिघं एसटीनं नाशिकला आलो. बंदुकीच्या दुकानात मी पहिल्यांदाच जात होते, म्हणून जरीकाठाची साडी. भिंतीवर ओळीनं हत्यारं टांगलेली. मी पदराआडून बोट दाखवलं ते थेट रायफलकडे. काळीभोर सडपातळ नळी, गुळगुळीत लाकूड. तिच्या शेजारी बारा बोअरची दुनळी म्हणजे अगदी आमच्या मोठ्या जाऊबाई, रुंद आणि कामसू. मी ह्यांच्या कानात कुजबुजले, "ती घेऊ. ती लांब जाते."

जिभाऊंनी ते ऐकलं. दुकानात म्हैस नव्हती, म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "लांब जाते म्हणूनच नको. रायफलीची गोळी डुकराला लागून थांबत नाही. चुकली तर मुळीच थांबत नाही. आपल्याकडे सपाट रान. डुक्कर इकडे पडायचं आणि पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी भाकरीचा घास घेता घेता पडायचं. छऱ्याची बंदूक तीस-चाळीस पावलांत काम करते, पुढे तिचा जीव संपतो. आपल्याला असंच हत्यार पाहिजे, ज्याला आपल्या बांधाची लाज आहे."

कॅलेंडरला ते पटलं. मला नाही. मी परतीच्या एसटीत तोंड फुगवून बसले. डुकरं मारायला जाणारी ती बया खरं तर रायफल हातात धरून आणखी एक फोटो काढायला निघाली होती, दुसरं काही नाही.

पुढे परवाना आला, दुनळी आली आणि काडतुसं घ्यायची वेळ आली. ह्यांना सुट्टी होती, जिभाऊ बाजारात अडकलेले, म्हणून आम्ही दोघंच गेलो. दुकानदारानं विचारलं, "कोणता नंबर देऊ?" समोर चार नंबर होता, आठ नंबर होता, आणि कोपऱ्यात नंबरच नसलेली, इंग्रजी अक्षरांची काडतुसं. मी हिशोब केला: आठ चारपेक्षा मोठा. अक्षरांना तर नंबरच नाही, म्हणजे ती कच्चीच असणार. "आठ द्या," मी म्हटलं, ऐटीत. दुकानदारानं एकदा माझ्या नथीकडे बघितलं, त्याला वाटलं असेल घरी बरेच पक्षी त्रास देत असतील.

छऱ्यांचं असं आहे, की नंबर जेवढा मोठा तेवढा छर्रा बारीक. आठ नंबर म्हणजे मोहरी. डुकराला लागतात ते अक्षरवाले, हरभऱ्याएवढे, एका काडतुसात मोजके. हे मला कळलं ते त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मक्याच्या कडेला. तीस पावलांवर एक सुळेवाला उभा राहिला, मी नेम धरला, दोन्ही चाप एकदम ओढले, आणि दस्ता खांद्यात न धरता काखेत धरल्यामुळे स्वतःच मागच्या पाटात जाऊन बसले. डुकरानं अंग झटकलं. आंघोळ झाल्यावर कुत्रं झटकतं तसं. मग त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी ओल्या साडीसकट बाभळीवर चढले. बाभळीला काटे असतात हे मला खाली उतरताना आठवलं.

जाऊबाई हळद लावता लावता हसून हसून रडल्या. जिभाऊ हसले नाहीत. ते गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, "ते जनावर आता अंगात मोहरी घेऊन डोंगरात कुढत बसलं असेल. मारायचं तर एका बारात मारावं, नाही तर बंदूक उचलू नये, म्हणावं. आणि उद्या पहाटे माळ्याखाली ये, म्हणावं."

मी दाराआडून म्हशीला म्हटलं, "येते म्हणावं."

माळा म्हणजे मक्याच्या मधोमध चार खांबांवर बांधलेली लाकडी फळी, वर चढून बसायला. जिभाऊ खाली म्हशीला घेऊन उभे राहत आणि मी वर. म्हैस पण बिचारी रोज शाळेत येई. दस्ता खांद्याच्या खोबणीत. गाल लाकडावर. बांध ओलांडताना बंदूक मोडलेली, म्हणजे मधून उघडलेली आणि काडतुसं कनवटीला. माळ्यावर बसल्यावरच भरायची. बोट चापावर नाही, चापाबाहेर. बार नेहमी वरून खाली, म्हणजे चुकला तर मातीत जाईल. रानडुकराशिवाय कशावर नळी रोखायची नाही. वनखात्याचा परवाना तेवढ्यापुरताच आहे, आणि नसता तरी मोरानं तुझं काय खाल्लंय? मका हलला म्हणून मारायचं नाही. काळं दिसलं म्हणून मारायचं नाही. सगळं जनावर दिसलं पाहिजे, तोंडापासून शेपटापर्यंत.

आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत महत्त्वाची, ती हाळी.

बार टाकण्याआधी माळ्यावरून मोठ्यानं ओरडायचं, "कोन शे वावरमां?" वावरात कोण आहे? जो कुणी असेल, आपल्या वावरात किंवा शेजारच्या, पाणी भरणारा, गवत कापणारी, आडोशाला बसलेला, त्यानं तिथूनच उत्तर द्यायचं, "मी शे!" मी आहे. उत्तर आलं, की बंदूक मोडायची, मग समोर डुकरांचा कळप का उभा असेना. उत्तर नाही आलं, तर वावर रिकामं. आमच्या शिवारात लहान पोरंसुद्धा ही हाळी ऐकली की हातातलं टाकून आधी ओरडत. ओरडल्यानं डुक्कर पळे, आणि चारातल्या तीन वेळा बार टाकायची गरजच पडत नसे. मला त्याचा राग यायचा. बयेला शौर्य गाजवायचं होतं.

आता एक गंमत बघा. जेठांशी बोलायचं नाही, पण हाळीला ती बंदी लागू नव्हती. हाळी द्यावीच लागे, आणि वावरात बहुतेक वेळा जिभाऊच असत. म्हणजे मी माळ्यावरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "कोन शे वावरमां?" आणि कुठूनतरी मक्याच्या आतून, चढ्या, खुल्या आवाजात यायचं, "मी शे!"

त्या सगळ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी थेट बोललो ते एवढंच. हे गेले, तेव्हा मी आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते. मग एके दिवशी माळ्यावर जाऊन बसले आणि बंदूक न घेताच हाळी दिली. उत्तर आलं. मला बरं वाटलं होतं.

पुढे जाऊबाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. म्हैस विकली. घरात मी आणि जिभाऊ उरलो, आणि निरोप्याचं काम टीव्हीकडे आलं. "आज भाकरी जरा कडक झालीय," जिभाऊ बातम्या देणाऱ्या मुलीला सांगत. मी तिलाच उत्तर देई, "दात नाहीत म्हणून कडक लागते, म्हणावं." फक्त दिवसेंदिवस टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. इतका, की एकदा शेजारीण विचारत आली, कुणाचं भांडण चाललंय?

जिभाऊंना ऐकू येत नाहीसं झालं होतं. माझ्या मुलानं नाशिकहून कानात घालायचं मशीन आणलं. जिभाऊंनी ते हातात फिरवून बघितलं आणि टीव्हीला म्हणाले, "माझे कान चांगलेत. लोकच हल्ली हळू बोलतात." मशीन फळीवर गेलं, बेसनाच्या डब्यामागे.

त्या दिवाळीत मुलानं सरळ सांगितलं. तो कधी आवाज चढवत नाही, म्हणून जास्त लागतं. "आई, काका, दोघांची वयं बघा. मका डुक्कर खातंय, तुम्ही पहाटे माळ्यावर चढताय, काका पाटात पडतात. या वर्षीचा मका घरात आला तर मी एक शब्द बोलणार नाही, राहा इथंच. नाही आला तर वावर बटाईनं देऊन दोघं नाशिकला या."

जिभाऊंनी टीव्हीला विचारलं, "काय म्हणाला तो?" मी टीव्हीला ओरडून सांगितलं. जिभाऊ म्हणाले, "मला फ्लॅटमध्ये नेऊन ठेवलं तर मी मरेन, सांग त्याला. आणि तिला सांग, या वर्षी नेम चुकायचा नाही."

म्हणजे त्यांचं घर, त्यांचं वावर, त्यांचं उरलेलं सगळं माझ्या त्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर आलं. मका वाचवायचा, म्हणजे जिभाऊ तिथं राहतील.

आम्ही काही बाकी ठेवलं नाही. सगळे करतात तसं वावराभोवती जुन्या साड्या बांधल्या. माझ्याच होत्या, दुकानात नेसून गेलेली जरीकाठाचीसुद्धा. डुकरांना माझी निवड आवडली असावी, ती साडीखालून आत शिरायची. मग नामपूरच्या बाजारात मिळतो तसा भोंगा आणला. त्यात आपला आवाज भरून ठेवता येतो आणि तो थोड्या थोड्या वेळानं ओरडत राहतो. लोकांनी त्यात फटाके, कुत्री, वाघाची डरकाळी, काय काय भरलं होतं. जिभाऊंनी आपला आवाज भरला. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्यांनी "हाड हाड" म्हणायला हवं होतं. पण त्यांना डुकराला हाकलायचा एकच शब्द माहीत होता, जो त्यांच्या मते गेली सगळी वर्षं डुकराला पळवत आला होता. त्यांनी भोंग्यात भरलं, "मी शे! मी शे!"

पहिले काही दिवस डुकरं आली नाहीत. मग त्यांना कळलं. भोंगा ओरडतोय आणि खालीच डुक्कर कणीस फोडतंय, असं मी स्वतः बघितलं. पण माझं जे नुकसान झालं ते कणसांचं नव्हतं. मी माळ्यावरून हाळी द्यायची, "कोन शे वावरमां?" आणि मक्यातून जिभाऊंच्या आवाजात उत्तर यायचं. कधी हाळीनंतर, कधी हाळीच्या आधीच. शेजाऱ्यांचे भोंगे पण चालू. सगळं शिवार रात्रंदिवस "आहे, आहे" म्हणत होतं आणि कोण आहे हे कुणाला कळत नव्हतं. शेजारच्या वावरांत तर मालक राहतच नव्हते; कुणी सटाण्याला, कुणी नाशिकला. डोंगरापलीकडून कांदा लावायला आलेले मजूर होते, त्यांची बोली वेगळी, त्यांना या हाळीचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता.

त्यात निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. नेमका मका दुधात आलेला. बहुतेक डुकरांना आचारसंहिता कुणीतरी वाचून दाखवली असावी, त्यांनी तेवढ्या दिवसांत ओढ्याकडची बाजू झोपवली. बंदूक परत आली तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त मका उभा होता. तेवढाही पुरला असता. मुलगा पोती मोजणार नव्हता, घरात मका आला एवढंच त्याला बघायचं होतं.

बंदूक आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मी उठले. जिभाऊंच्या खाटेवर घोंगडं दिसलं, म्हणजे ते झोपलेत. मी वाकून बघितलं नाही. जेठांच्या खाटेपाशी वाकायचं नसतं. नळीत डोकावून बघितलं, बंदूक ठाण्यात असताना कुंभारमाशीनं माती भरली नाही ना, कारण बुजलेली नळी फुटते आणि मारणाऱ्याचाच हात घेऊन जाते. नळी साफ होती. काडतुसं अक्षरांची, कनवटीला. बांधावरून बंदूक मोडूनच नेली. वाटेत भोंग्याची वायर काढली, कारण आज मला खरी हाळी द्यायची होती.

माळ्यावर चढायला मला आता वेळ लागतो. चढले, बसले, भरली. उजाडत होतं, पण मक्याच्या आत अजून अंधारच होता. ओढ्याकडच्या बाजूला मका हलला. मक्याची उभी ताटं मोडल्याचा आवाज. मी हाळी दिली.

"कोन शे वावरमां?"

काही नाही. मी घसा साफ केला, दुसऱ्यांदा दिली, तिसऱ्यांदा दिली. इतकी मोठ्यानं, की पलीकडच्या बाभळीवरचे पक्षी उडाले. उत्तर नाही. वावर रिकामं.

मका पुन्हा हलला. तीस पावलं, फार तर. ओळींच्या मधून एक काळी पाठ दिसली. खाली वाकलेली, रुंद, हळूहळू पुढे सरकणारी. थांबायची, काहीतरी ओढायची, पुन्हा पुढे. मी दस्ता खांद्यात घेतला, गाल लाकडावर ठेवला. नळीच्या टोकाची माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, त्या पाठीवर बसली. माझा हात हलत नव्हता. मला आठवतं, मनात आलं, बये, आज फोटो काढायला कुणी नाही. आणि बोट चापावर गेलं.

तोंड दिसत नव्हतं. मी वाट बघत होते ती तोंडाची. पण खोटं कशाला सांगू, फार वाट बघणार नव्हते. मला तो मका हवा होता.

तेवढ्यात त्या पाठीपुढे आडवं पडलेलं मक्याचं एक ताट हळूच वर उठलं. उभं राहिलं. कुणीतरी त्याच्या बुडाशी माती दाबली.

डुक्कर ताट मोडतं. ते उभं करत नाही.

मग तो हात दिसला. अंगठा आणि करंगळी. दुसरं घोंगडं डोक्यावरून पांघरलेले जिभाऊ, पडलेला मका एक एक करून उभा करत होते. खाटेवरचं घोंगडं नुसतं घोंगडंच होतं. पहाटेपासून लागले असतील. त्यांना वाटत असावं की उभा केलेला मका जगतो, आणि मुलगा आला तर त्याला वावर भरलेलं दिसेल.

मी बोट काढलं. बंदूक मोडली. काडतुसं काढताना एक हातातून निसटलं आणि फळीवरून खाली पडलं. जिभाऊंनी मान वर केली नाही. माझ्या तीन हाळ्या त्यांनी ऐकल्या नव्हत्या, काडतूस काय ऐकणार? ते माळ्याच्या अगदी खालून गेले, पुढचं ताट उचलत. मी वर बसून राहिले. मला खाली उतरता येत नव्हतं.

घरी आले तेव्हा ते ओसरीवर चहाची वाट बघत होते, आंघोळ करून, जसे काही आताच उठलेत. पायाच्या नखांत माती. मी चहा ठेवला आणि टीव्हीला, जो बंदच होता, सांगितलं, "बंदूक मी परत करणार आहे. कायमची."

ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. मग ऐकू गेलं.

"का?" त्यांनी टीव्हीला विचारलं.

मी काय सांगणार होते? तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आज मी तुम्हाला मारणार होते? ज्या माणसानं बेसनाच्या डब्यामागे मशीन लपवलं, त्याला? ज्यानं सगळ्या शिवाराला हाळी शिकवली, त्याला सांगायचं की हाळी आता तुमच्यापर्यंत पोचत नाही? एक क्षण वाटलं, सांगावं. मग ते पहाटे उठून मका उभा करायला गेले होते हेही मला माहीत असल्याचं सांगावं लागलं असतं. तेवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे राहावं.

"म्हातारी झाले," मी म्हटलं. "भीती वाटते."

जिभाऊ उठले. टीव्हीकडे नाही, भिंतीकडे नाही, माझ्याकडे वळले. मी पदर ओढायला विसरले. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याला किती वर्षं झाली असतील. तेवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून काही म्हटलं नव्हतं.

"भ्यालीस तू," ते म्हणाले. "माझं वावर गेलं, तू भ्यालीस म्हणून."

एवढंच. चहा तसाच राहिला.

बंदूक ठाण्यात दिली. तिथल्या पोरगेल्या हवालदारानं रजिस्टरमधला माझा जुना फोटो बघून विचारलं, "आजी, ही तुमची मुलगी का?" मी म्हटलं, "नाही, सून. फार आगाऊ होती." त्यानंतर चार-पाच पहाटांत उरलेला मका गेला. जिभाऊंनी उभी केलेली ताटंसुद्धा. डुकरं त्याच ओळीनं गेली, जणू कुणी त्यांच्यासाठीच मांडून ठेवली होती. मुलगा आला, वावर बघितलं आणि पिशव्या भरायला लागला.

फ्लॅट चांगला आहे. गरम पाणी येतं. जिभाऊ मेले नाहीत, म्हणाले होते तसे. मेले असते तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला कधी कधी त्यांच्या पाठीकडे बघून वाटतं. ते बाल्कनीत बसतात, समोरच्या इमारतीकडे बघतात, सूनबाईंशी बोलतात, नातवंडांशी बोलतात. माझ्यासाठी निरोप येत नाही. टीव्हीमार्फतही नाही. हे लिहिलेलं ते वाचणार नाहीत, त्यात कांद्याचा भाव नाही. सूनबाई म्हणते, "आई, एकदा खरं काय ते सांगून टाका ना त्यांना." तिलाही मी एवढ्यातच सांगितलंय. तिचं बरोबर असेल. पण मी ताट उभं राहताना बघितलंय, तिनं नाही. माझ्यावर चिडून का होईना, त्या माणसाची पाठ ताठ आहे. खरं कळलं तर ती कशाच्या आधारानं ताठ राहील?

पहाटे जाग येते ती सवय काही जात नाही. घर झोपलेलं असतं. जिभाऊ माझ्याही आधी उठून बाल्कनीत असतात, घोंगडं पांघरून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, पदर पुढे घेऊन, आणि हलक्या आवाजात नाही, चांगली खणखणीत हाळी देते.

"कोन शे वावरमां?"

आतल्या खोलीत नातू कूस बदलतो. बाल्कनीतली पाठ हलत नाही. मी थोडा वेळ थांबते. मग गॅस पेटवते आणि दोन कप चहा ठेवते. उत्तर नाही आलं तर वावर रिकामं, असं त्यांनीच शिकवलं होतं.